गाजर गवताचं प्रथिन पुण्यात का होऊ नये?

हातखंबा तिठ्यावरून पालीकडे निघालं की महामार्गाच्या दोन्ही अंगांना चौपदरीकरणात उकरलेली माती पडली आहे आणि त्या मातीवर गाजर गवत माजलं आहे. माझ्या लहानपणी ते इथे नव्हतं. पावसाळ्यात सड्यावर टाकळा यायचा, कुर्डू यायची, कुंपणाच्या कडेला काटेमाठ असायचा. गाजर गवत बघायचं तर आंबा घाट चढून वर जावं लागे. घाटावरची माती, कडबा, भाजी घेऊन ट्रक खाली उतरत राहिले, रस्त्याचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, उघडी माती तशीच पडून राहिली. या गवताला याहून जास्त काही लागत नाही.

ते उपटावं, फुलण्याआधी उपटावं, हातमोजे घालून उपटावं, हे सगळं दरवर्षी छापून येतं आणि ते बरोबरच आहे. मला सांगायचं आहे ते वेगळं. या गवताच्या परागात जे प्रथिन माणसाला शिंका आणि दमा देतं, ते यीस्टकडून शुद्ध स्वरूपात करून घेण्याचं काम महाराष्ट्रात, सार्वजनिक पैशातून आणि लवकर व्हायला हवं. मी नोकरीची वर्षं पुण्यातल्या एका लस कारखान्यात यीस्टच्या फर्मेंटरवर काढली आणि निवृत्त होऊन गावी आलो. हे काम आपल्याला झेपणारं आहे की नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

मी यात पडलो तो माझ्या वहिनीमुळे. गणपती विसर्जन झाले, पावसाने उघडीप दिली की तिच्या शिंका सुरू होतात. डोळे लाल, नाक चोंदलेलं, रात्री छातीत घरघर. कोल्हापूरच्या एका डॉक्टरांकडे तिची त्वचेची चाचणी झाली तेव्हा मी शेजारी बसलो होतो. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा केल्या, प्रत्येक खुणेपाशी एकेका अर्काचा थेंब ठेवला आणि बारीक टोकाने थेंबातूनच कातडीला हलकेच टोचलं. एका थेंबात नुसतं मिठाचं पाणी, एकात हिस्टामिन. पाण्याने काही उठता कामा नये, हिस्टामिनने उठलंच पाहिजे. हे दोन थेंब जागेवर असतील तरच बाकीच्यांना अर्थ. पंधरा-वीस मिनिटांनी पारदर्शक पट्टी लावून गांध मोजली. पाण्याच्या थेंबापेक्षा तीन मिलिमीटर मोठी असली की चाचणी होकारार्थी धरतात. गाजर गवताच्या खुणेवर चांगली टपोरी गांध आली होती, भोवती लाल वर्तुळ.

पुढे तिची हीच चाचणी पुण्यात दुसरीकडे करायची वेळ आली. सर्दीच्या गोळ्या आधी सांगितल्याप्रमाणे बंद ठेवल्या होत्या, हिस्टामिनची गांध व्यवस्थित उठली. गाजर गवताच्या जागी काहीच नाही. डॉक्टर सरळ माणूस होते. म्हणाले, बाटली वेगळ्या कंपनीची आहे, तिच्यात नेमकं किती काय आहे ते मलाही सांगता येणार नाही. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "भाऊजी, मग मला नक्की झालंय तरी काय?"

या प्रश्नाचं उत्तर त्या बाटलीत आहे. परागाचा अर्क कसा होतो ते पाहा. फुलोरा गोळा करायचा, वाळवायचा, बारीक चाळणीतून पराग चाळून घ्यायचा. ईथरसारख्या द्रावणाने त्यातला स्निग्ध भाग काढायचा, मग पराग क्षारांच्या पाण्यात भिजत घालून गाळून घ्यायचा. गाळून येतं त्यात शेकडो प्रथिनं असतात, त्यातली अ‍ॅलर्जी देणारी मोजकी. पराग कुठून आणला, कोणत्या महिन्यात, त्यात पानाफुलांचा चुरा किती गेला, वाळवताना ऊन किती लागलं, बाटली फ्रीजबाहेर किती वेळ राहिली, यावर ती मोजकी प्रथिनं कमीजास्त होतात. मी पाहिलेल्या बाटल्यांवर वजनास घनफळ असं प्रमाण लिहिलेलं होतं. म्हणजे अमुक पाण्यात तमुक पराग भिजवला. त्यातून कामाचं प्रथिन किती उतरलं, हे त्यावरून कळत नाही.

अमेरिकेत गाजर गवताचं एक चुलत भावंड आहे, रॅगवीड. तिथल्या रॅगवीडच्या अर्काच्या बाटलीवर अ‍ॅम्ब ए १ या मुख्य प्रथिनाचं प्रमाण युनिटांत छापलेलं असतं, कारण मोजणीसाठी ते प्रथिन आणि त्याच्यावरच्या प्रमाणित चाचण्या तिथल्या औषध नियंत्रकाने तयार ठेवल्या आहेत. वजन करायचं तर आधी माप हवं. गाजर गवताचं माप आपण केलेलंच नाही.

आणि हे नुसतं निदानापुरतं नाही. अ‍ॅलर्जीवर मुळातून इलाज म्हणून जी इंजेक्शनं देतात, ती लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात गवताच्या परागाचा अर्क टोचून सुरू केली. आजही पद्धत तीच: आधी अगदी थोडा डोस, मग हळूहळू वाढवत तीन ते पाच वर्षं. नवी बाटली उघडली की जाणते डॉक्टर डोस मागे आणतात, कारण ती आधीच्या बाटलीपेक्षा जोरकस निघाली तर रुग्णाला जोराची प्रतिक्रिया येऊ शकते. ज्याची ताकद माहीत नाही असं औषध माणसाच्या दंडात टोचायचं आणि अर्धा तास दवाखान्यात बसवून वाट बघायची. हे मला पटत नाही. निदान आपल्या देशात, जिथे हे गवत शेत, शाळा, एसटी स्टँड सगळीकडे आहे, तिथे तरी हे चालू राहू नये.

गाजर गवताची भारतातली ओळख पुण्यातच झाली. १९५५ मध्ये ते पुण्यात दिसलं आणि पुढच्या वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची नोंद केली. अमेरिकेच्या पीएल-४८० गव्हातून ते आलं असं आपण सगळेच ऐकत आलो. तो करार भारताशी झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, म्हणजे गवत आधीच येऊन बसलं होतं. गहू त्याआधीही अमेरिकेतून येत होताच, तेव्हा वाट तीच असेलही, पण पीएल-४८० वरचा ठपका तारखांत बसत नाही.

पहिला मोठा त्रास दिसला तो त्वचेचा, आणि तोही पुण्यातच. डॉ. अरविंद लोणकर यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या गवताने होणाऱ्या त्वचारोगाच्या साथीवर लिहिलं आणि जगाचं लक्ष इकडे वेधलं. शेतकऱ्यांचे चेहरे, माना, हात जाड आणि काळवंडलेले. इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण माझी मागणी त्यातल्या एकाच अर्ध्याला लागू पडते. त्वचेचा आजार होतो पार्थेनिन नावाच्या छोट्या रेणूमुळे. तो प्रथिन नाही. झाडाच्या केसाळ लवीत असतो आणि त्याची प्रतिक्रिया दोन-तीन दिवसांनी दिसते. तिच्यासाठी पाठीवर पट्ट्या चिकटवून वेगळी चाचणी करतात. यीस्टचा तिथे उपयोग नाही. नाकाचा आणि छातीचा त्रास होतो परागातल्या प्रथिनांमुळे, आयजीई नावाच्या प्रतिपिंडांमार्फत, काही मिनिटांत. एकाच माणसाला दोन्ही होऊ शकतं, फक्त एकही होऊ शकतं. गावात सगळ्याला एकच नाव आहे, 'गवताची अ‍ॅलर्जी', आणि मेडिकलमधून मिळणारी गोळीही एकच.

परागातलं ते मुख्य प्रथिन ओळखलं गेलं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत. पी. व्ही. सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं या गवताच्या नाकाच्या अ‍ॅलर्जीवर काम केलं आणि १९९६ मध्ये पार एच १ हे प्रथिन वेगळं काढून त्याचं वर्णन छापलं. भारतीय प्रयोगशाळेचं हे मोलाचं काम आहे. नंतर त्याची रचना उलगडत गेली: पुढे डिफेन्सिन प्रकारचं घट्ट गाठी मारलेलं डोकं, मागे प्रोलीनने भरलेली सैल शेपटी. युरोपातल्या मगवर्ट या तणाच्या आर्ट व्ही १ शी त्याचं जवळचं नातं आहे. २०१८ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठाच्या गटाने या नातेवाइकांची तुलना छापली; दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेचाही त्यात हात होता. चांगलं झालं. पण हातखंब्याच्या रस्त्याकडेला वाढणाऱ्या तणाच्या प्रथिनाचा नेमका अभ्यास साल्झबर्गच्या प्रयोगशाळेच्या भरवशावर राहावा, हे मला बोचतं.

याहून बोचणारी गोष्ट चाकवताची. आपण ज्याची ताकातली पातळ भाजी करतो तो चाकवत स्पेनमध्ये रुक्ष जमिनीवर वाढणारं तण आहे आणि त्याच्या परागाने तिथे लोकांना भरपूर त्रास होतो. माद्रिदच्या कॉम्प्लुतेन्से विद्यापीठात बारदेरास, विल्याल्बा आणि रोद्रिगेझ यांनी त्याचं मुख्य प्रथिन, चे ए १, आधी शोधलं आणि २००४ पर्यंत ते पिचिया पास्टोरिस या यीस्टमध्ये तयार करून दाखवलं. यीस्टने केलेलं प्रथिन परागातल्या मूळ प्रथिनाशी ताडून पाहिलं. आज रक्ताच्या एका थेंबावर ११२ घटकांची तपासणी करणारी आयसॅक नावाची चिप आहे. तिच्यावर चाकवताचं चे ए १ आहे, मगवर्टचं आर्ट व्ही १ आहे, रॅगवीडचं अ‍ॅम्ब ए १ आहे. गाजर गवताचं पार एच १ नाही. म्हणजे वहिनीने उद्या पैसे घालून ती महागडी तपासणी केली, तरी दुखणं स्पेन-ऑस्ट्रियाच्या तणांच्या यादीत शोधलं जाणार.

पिचिया हे यीस्ट मुळात विचित्र खाण्यामुळे प्रसिद्धीला आलं. ते मिथेनॉल खातं. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या फिलिप्स पेट्रोलियम कंपनीने स्वस्त मिथेनॉलवर ते वाढवून जनावरांसाठी प्रथिनयुक्त खाद्य करायचं ठरवलं होतं. तेलाचे भाव चढले, बेत बारगळला, पण यीस्ट हाती राहिलं. मिथेनॉल दिसताच ते पचवणारं विकर बनवायचं एक जनुक त्यात जोरात चालू होतं. त्या जनुकाचा चालू-बंद करणारा तुकडा घ्यायचा, त्याच्यापुढे आपल्याला हव्या त्या प्रथिनाचं जनुक जोडायचं आणि ते यीस्टच्या गुणसूत्रात बसवायचं. मग मिथेनॉल दिलं की यीस्ट आपलं प्रथिन बनवू लागतं आणि सोबत योग्य पत्ता जोडला असेल तर ते पेशीबाहेर टाकून देतं.

आमचं कारखान्यातलं यीस्ट त्याच्याच जातकुळीतलं होतं. आधी त्याला ग्लिसरॉलवर भरपूर वाढवायचं. ग्लिसरॉल संपलं की पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा एकदम वर उसळतो, कारण खायला नाही म्हणून पेशींचं श्वसन थबकतं. ती उसळी दिसली की मिथेनॉलची धार सुरू करायची, अगदी बारीक. जास्त झालं तर यीस्ट मरतं, कमी झालं तर प्रथिन निघत नाही. टाकी तापते, थंड पाण्याचं जॅकेट सतत चालू ठेवावं लागतं, वर फेस चढतो तो दाबावा लागतो. दोन-तीन दिवसांनी आत घावनाच्या पिठाएवढं दाट यीस्ट असतं. ते फिरवून खाली बसवलं की वरच्या स्वच्छ पाण्यात आपलं प्रथिन उतरलेलं असतं, आणि या यीस्टची स्वतःची प्रथिनं बाहेर फारशी येत नसल्यामुळे ते शुद्ध करायला सोपं जातं. संशोधनापुरतं प्रथिन हवं असेल तर एवढ्या टाकीचीही गरज नाही. हलवत्या चंबूत, तीस अंशांवर, दिवसातून एकदा अर्धा टक्का मिथेनॉल घालत राहिलं तरी पुष्कळ चाचण्यांना पुरेल इतकं मिळतं.

हे कौशल्य आपल्याकडे नवीन नाही. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये काविळीची शानवॅक-बी ही लस याच पिचियातून आणली. बायोकॉनने २००४ मध्ये इन्सुलिन आणलं तेही पिचियातलं. मार्च २०२२ मध्ये बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना जी कॉर्बेव्हॅक्स दिली, आमच्या गावातल्या पोरांनीही ती घेतली, तिच्यातलं प्रथिनही पिचियाने बनवलेलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आर-२१ ही मलेरियाची लस, जिची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली, ती हान्सेन्युला या मिथेनॉल खाणाऱ्या दुसऱ्या यीस्टमध्ये होते. आफ्रिकेतल्या मुलांना मलेरियापासून वाचवणारं प्रथिन जे शहर करतं, त्याच शहरात सत्तर वर्षांपूर्वी सापडलेल्या तणाचं प्रथिन तिथे होऊ नये, याला तांत्रिक कारण काही नाही. बाजार मात्र छोटा आहे. निदानाच्या मापाच्या प्रथिनातून कोणत्याही कंपनीला मोठा नफा मिळणार नाही. म्हणूनच हे सरकारचं काम आहे.

जिवाणूत का करू नये, यीस्टच कशाला, असं जाणकार विचारतील. जिवाणूत स्वस्तात होतं आणि कित्येक अ‍ॅलर्जेन तसे झालेही आहेत. पण पार एच १ च्या डोक्यात गंधकाचे पूल आहेत. ते बरोबर जुळले नाहीत तर प्रथिनाचा आकार बिघडतो आणि रुग्णाचे प्रतिपिंड त्याला ओळखत नाहीत. यीस्ट प्रथिन बाहेर पाठवताना हे पूल नीट घालतं.

यीस्टची उणीवही सांगितली पाहिजे. झाड पार एच १ च्या शेपटीतल्या प्रोलीनमध्ये बदल करतं आणि त्यावर साखरा चढवतं. यीस्टला तो बदल जमत नाही, उलट ते स्वतःच्या मॅनोज साखरा चिकटवू शकतं. काही रुग्णांचे प्रतिपिंड त्या शेपटीलाच धरत असतील तर यीस्टचं प्रथिन त्यांना चुकवेल. दुसऱ्या बाजूने, झाडांच्या काही साखरांवर अनेकांच्या रक्तात प्रतिपिंड सापडतात ज्यांचा प्रत्यक्ष त्रासाशी संबंध नसतो, आणि त्यामुळे तपासणी फसवी होकारार्थी येते. यीस्टच्या प्रथिनात त्या साखरा नसल्याने तो घोळ टळतो. म्हणून माझं म्हणणं असं की यीस्टमधलं, जिवाणूतलं आणि परागातून थेट काढलेलं अशी तिन्ही प्रथिनं शेजारी ठेवून आपल्याच रुग्णांच्या रक्तावर ताडून बघावीत. प्रश्न असा उघडा आहे म्हणूनच संशोधन हवं. आणि पार एच १ म्हणजे सगळा पराग नव्हे, हेही खरं. त्यात इतरही प्रथिनं आहेत, पण सुरुवात मुख्यापासूनच करायची असते.

अ‍ॅलर्जीने कोण मरतं, असं म्हणणाऱ्यांना मी रात्री उशाला टेकून बसलेला दम्याचा रुग्ण बघायला सांगेन. कोकणात तर गोंधळ आणखी वाढतो. आमची घरं ओलसर, गाद्यांत धुळीचे किडे, भिंतीला बुरशी. वहिनीला त्रास गवताचा नसून गादीतल्या किड्यांचा असेल, तर इलाज गादीचा करायला हवा: उशा-चादरी गरम पाण्यात, गादीला उन्हं. गवताचाच असेल तर परसातलं गवत फुलायच्या आत काढणं आणि पुढे इंजेक्शनं. चुकीच्या अर्कामुळे 'नाही' आलेली चाचणी तिला चुकीच्या वाटेला लावते, तशीच चुकून 'हो' आलेलीही.

काय करावं ते मी सरळ लिहितो. जनुकाचा क्रम प्रसिद्ध आहे. तो यीस्टच्या सोयीचा लिहून कृत्रिम जनुक मागवणं ही आज मोठी गोष्ट राहिलेली नाही, छोट्या नळीत कुरियरने येतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, एनसीआयएम. तयार झालेलं यीस्ट तिथे ठेवावं आणि कोणत्याही महाविद्यालयाला, रुग्णालयाला, कंपनीला ते ठरलेल्या फीमध्ये मिळावं. पेटंटच्या कुलपात ठेवू नये. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने, जो लसींना पैसा देतो, यासाठी वेगळी मागणी काढावी. पार एच १ नंतर काटेमाठ, आघाडा, एरंड अशी आपल्या हवेतल्या परागांची यादी घेऊन पुढे जावं. ही यादी करायला आपल्याकडे परंपरा आहे. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात डॉ. एस. टी. टिळक यांनी १९७० मध्ये हवेतले पराग आणि बुरशीचे बीजाणू पकडणारं यंत्र बनवलं. ते टिळक एअर सॅम्पलर म्हणून देशभर वापरलं गेलं. तशी यंत्रं जिल्ह्या-जिल्ह्यांत पुन्हा बसवावीत. रत्नागिरीच्या हवेत कोणत्या महिन्यात काय असतं, हे पुण्याच्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. आमच्याकडे पाऊस पराग खाली पाडतो आणि उघडीप पडली की दोन दिवसांत चित्र बदलतं.

सगळ्यात अवघड भाग प्रथिनाचा नाही, रक्ताचा आहे. ज्यांना खरोखर या परागाचा त्रास आहे अशा माणसांचं रक्तद्रव, नीट लिहिलेल्या लक्षणांसह, संमतीपत्रासह, थंडीत जपून ठेवलेलं हवं. ते फक्त पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतून घेतलं तर शहरी रुग्णच मोजले जातील. सोलापूरचा ज्वारीच्या रानातला मजूर, सांगलीची द्राक्षबागेतली बाई, कोकणातला रस्त्याच्या कामावरचा माणूस यांच्या शरीरात प्रतिपिंड वेगळ्या प्रथिनांवर असू शकतात. जिल्हा रुग्णालयांना त्यासाठी एक उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर, एक प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि लक्षणं विचारायला मराठीतला एक साधा फॉर्म लागेल. यीस्टचं काम पुण्यात सुरू व्हायच्या आधीच हे सुरू करता येईल, आणि करावं.